सावली कुणाच्या नावावर?

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या इमारतीच्या कुंपणाशी असलेल्या पर्जन्यवृक्षाच्या खोडावर महापालिकेची नोटीस लागली. इमारतीचा पुनर्विकास होणार असल्याने हे झाड आणि आवारातली आणखी काही झाडं तोडण्याची परवानगी मागितली आहे, हरकत असल्यास सात दिवसांत कळवावी, असा मजकूर होता. त्या झाडाखाली, कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला, इस्त्रीवाल्या मामांचं टेबल गेली अठरा वर्षं होतं. मी कपडे द्यायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, “ताई, ह्यात आमच्याबद्दल काही लिहिलंय का?”

मी नोटीस दोनदा वाचली. झाडांची संख्या होती, जागेचा नगर भूमापन क्रमांक होता, अर्जदाराचं नाव होतं. मामांबद्दल काही नव्हतं. असायचं कारणही नव्हतं, कारण कायद्याला झाड दिसतं, त्या झाडाखाली बसणारा माणूस दिसत नाही. पुनर्विकासाच्या संमतिपत्रावर आमच्या घराची सही माझीच होती, हेही इथेच सांगून टाकते.

मी नगररचनाकार नाही. बी. कॉम. झाल्यावर बावीस वर्षं एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात टंकलेखनाचं काम केलं. महापालिकेकडे जाणारे अर्ज टाइप करता करता नियमावलीची कलमं पाठ झाली आणि पुढे ती कलमं कुणासाठी आहेत असा प्रश्न पडू लागला. नोकरी सुटल्यावर वाचन वाढलं. शहरातली हिरवाई कशी मोजली जाते, ती कुणाकडून जाते आणि कुणाला मिळते, हे मला जे समजलं ते इथे मांडते आहे.

कुंपणाच्या आतली झाडं, बाहेरची सावली

विलेपार्ले पूर्वेला हनुमान रोड, नेहरू रोड किंवा परांजपे बी स्कीमच्या गल्ल्यांतून चालणाऱ्याला जी झाडं दिसतात, त्यांतली पुष्कळशी रस्त्यावरची नाहीत. ती खासगी आवारांतली आहेत. आधी वाड्या होत्या, मग बंगले आले, बंगल्यांच्या जागी तीन-चार मजली सोसायट्या झाल्या. पण बंगल्याच्या मालकाने लावलेला आंबा, फणस, जांभूळ किंवा कुंपणालगतचा पर्जन्यवृक्ष बहुतेक ठिकाणी राहिला, कारण जुन्या इमारतीच्या चारी बाजूंना माती उरत होती. झाडाचं मूळ खासगी जमिनीत आणि फांद्या सार्वजनिक रस्त्यावर, अशी ही विनाकरार व्यवस्था पन्नास-साठ वर्षं चालली. तिचा फायदा सभासदांना झाला, तसाच इस्त्रीवाल्यांना, भाजीवालीला, रिक्षावाल्यांना आणि शाळा सुटण्याची वाट पाहणाऱ्या आयांनाही झाला.

तिसऱ्या फेरीत, म्हणजे इमारतीच्या जागी टॉवर उभा राहताना, माती संपते. तळघरात किंवा पोडियमवर गाड्या, इमारतीभोवती अग्निशमनाची गाडी फिरण्यासाठी पक्का रस्ता, जमिनीखाली पाण्याच्या टाक्या. शेजारच्या इमारतीपासून जेवढं अंतर सोडायचं त्यात तूट पडली, तर ती प्रीमियम भरून माफ करून घेता येते. असे अर्ज मी स्वतः शेकड्याने टाइप केले आहेत. ह्यात कुणी खलनायक नाही. आमच्या इमारतीत लिफ्ट नव्हती, गच्ची गळत होती, आणि सभासदांतले निम्मे सत्तरीच्या पुढचे होते. घर मोठं व्हावं ही इच्छा गैर म्हणता येत नाही. पण ह्या व्यवहाराच्या कागदावर जमीनमालक, सभासद, विकासक आणि महापालिका एवढे चौघेच असतात. सावली वापरणारा पाचवा माणूस त्यात नसतो.

झाडाच्या बदल्यात झाडं

महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ सालचा वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्याखाली प्रत्येक महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असतं, आणि परवानगीशिवाय झाड तोडणं हा गुन्हा आहे. २०२१ साली कायद्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड ‘प्राचीन वृक्ष’ ठरलं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं बदल्यात लावावीत, ती सात वर्षं जगवावीत, असं बंधन आलं. आधीच्या मानाने ही मोठी सुधारणा आहे. जुन्या झाडाची किंमत नव्या रोपाएवढी नसते, हे कायद्याने पहिल्यांदाच मान्य केलं.

तरी हिशेब करून पाहावा. साठ वर्षांच्या पर्जन्यवृक्षाचा घेर आडवा पंधरा मीटर धरला, तर त्याची सावली साधारण १७७ चौरस मीटरवर पडते. बदल्यात साठ रोपं आली. लावताना प्रत्येकाचा पसारा एक मीटर धरला, तर साठांची मिळून सावली होते सुमारे ४७ चौरस मीटर, म्हणजे मूळच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. नोंदवहीत मात्र एक झाड वजा आणि साठ अधिक. सगळी जगली तर वीस वर्षांत ती सावली मूळच्या कितीतरी पुढे जाईल, हे खरं. पण कुठे? साठ झाडं मावतील एवढी माती त्या आवारात नसते, म्हणूनच तर ते एक तोडलेलं असतं. कायदा दुसऱ्या योग्य जागी लावण्याची मुभा देतो. ती जागा एखाद्या बागेच्या कोपऱ्यात असेल, नाहीतर उपनगराच्या दुसऱ्या टोकाला. आकड्यात भरपाई होते, पण ज्याचं गेलं त्याला ती मिळत नाही.

महापालिकेच्या २०१८च्या सुमारास पूर्ण झालेल्या वृक्षगणनेत मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं नोंदली गेली. आकडा मोठा आहे आणि गणना उपयोगाचीही आहे. पण कुठल्या वस्तीतल्या माणसाच्या डोक्यावर किती सावली आहे, हे ह्या एका आकड्यातून कळत नाही. २०२० पासून महापालिकेने मियावाकी पद्धतीची दाट वनं लावायला घेतली. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी ह्यांची ही पद्धत, चौरस मीटरला तीन-चार रोपं दाटीने लावण्याची. पक्ष्यांना, कीटकांना आणि मातीला तिचा लाभ होतो. झाडांची संख्याही झपाट्याने वाढते. मात्र त्या दाटीत माणसाला शिरता येत नाही, तिच्याखाली टेबल मांडता येत नाही. दोन्ही प्रकारची हिरवाई शहराला हवी आहे. अडचण एवढीच की एकीचा आकडा दुसरीच्या नुकसानीवर पांघरूण घालायला वापरला जातो.

पंधरा टक्के आणि आठ टक्के

झाडांचं मूळ मोकळ्या जागेत असतं, म्हणून आता मोकळ्या जागेच्या नियमाकडे येऊ. मुंबईत माणशी सार्वजनिक मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे, असं अनेक वर्षं सांगितलं जातं. दोन माणसं शेजारी बसली की संपली, एवढी.

२०१८ साली लागू झालेल्या ‘विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४’प्रमाणे, भूखंड एक हजार चौरस मीटरहून मोठा असेल तर त्यातला १५ टक्के भाग मनोरंजनासाठी मोकळा ठेवावा लागतो. अडीच हजारांच्या पुढे २० टक्के, दहा हजारांच्या पुढे २५ टक्के. एक हजारापर्यंतच्या भूखंडाला असं बंधन नाही. पार्ल्यातल्या जुन्या बंगल्यांचे अनेक भूखंड ह्याच मर्यादेतले. एकेकटा भूखंड नियमात बसतो, आणि पुऱ्या गल्लीत मोकळी अशी जागा उरत नाही. मोठ्या संकुलात ती उरते, पण फाटकाच्या आत, रहिवाशांसाठी. पुष्कळ ठिकाणी ती पोडियमवर चढवली जाते. डिसेंबर २०१३ मध्ये कोहिनूर सीटीएनएल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, तेव्हाच्या नियमांनुसार सक्तीची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर नव्हे, असा निर्णय दिला होता. तो एवढ्यासाठी महत्त्वाचा की मोठ्या झाडाची मुळं पोडियमवर वाढत नाहीत.

आता झोपडपट्टी पुनर्वसनाचा, म्हणजे ‘झोपु’ योजनेचा नियम पाहा. योजना आर्थिकदृष्ट्या शक्य व्हावी म्हणून तिथे ही मोकळी जागा कमी करायला परवानगी आहे, फक्त ती आठ टक्क्यांच्या खाली जाऊ नये. म्हणजे ज्या वस्तीत माणसांची दाटी सर्वांत जास्त, तिथेच मोकळ्या जागेचं किमान प्रमाण सर्वांत कमी. मी हे कलम पहिल्यांदा टाइप केलं तेव्हा आकडा चुकला असेल असं वाटून साहेबांना विचारायला गेले होते. आकडा बरोबर होता.

त्याचे परिणाम केवळ शोभेचे नाहीत. गोवंडी-मानखुर्द भागातल्या नटवर पारेख आणि लल्लुभाई कंपाउंड ह्या पुनर्वसन वसाहतींचा ‘डॉक्टर्स फॉर यू’ आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी अभ्यास केला होता, तो २०१८ साली चर्चेत आला. इमारती एकमेकींना खेटून असल्याने उजेड आणि हवा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांचा क्षयरोगाशी संबंध त्यात दिसून आला होता. दोन इमारतींमधल्या मातीच्या पट्ट्याला आपण ‘हिरवाई’ म्हणतो, तिथे राहणाऱ्यासाठी तो श्वासाचा प्रश्न असतो.

ह्याच नियमांतली दुसरी गाठ अधिक अवघड आहे. बाग किंवा मैदान म्हणून आराखड्यात आरक्षित असलेल्या काही जमिनींवर प्रत्यक्षात झोपडपट्टी आहे. त्यांचं काय करायचं? १९९२ सालच्या शासन निर्णयाने अशा जागी पुनर्वसनाला मुभा दिली आणि एक तृतीयांश भाग मोकळा ठेवायला सांगितलं. २०३४च्या नियमावलीत हे प्रमाण ३५ टक्के झालं. ‘नगर’ ह्या स्वयंसेवी संस्थांच्या आघाडीने २००२ साली उच्च न्यायालयात ह्याला आव्हान दिलं. आरक्षित मोकळी जागा शहराची आहे, ती अशी कापू नये, हे त्यांचं म्हणणं. तेवीस वर्षांनी, जून २०२५ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम वैध ठरवला. स्वच्छ पर्यावरणाचा हक्क आणि निवाऱ्याचा हक्क हे दोन्ही जगण्याच्या हक्काचे भाग आहेत, त्यांचा मेळ घालावा लागतो, अशी न्यायालयाची भूमिका होती. मात्र तो ३५ टक्के भाग खरोखर वापरण्याजोगा आणि सर्वांना खुला असला पाहिजे, ह्यावरही भर दिला.

मला दोन्ही बाजू पटतात, आणि म्हणूनच एक गोष्ट खटकते. मोकळी जागा वाचवायची की माणसं, असा पेच फक्त झोपडपट्टीच्या जमिनीवर उभा राहतो. जिमखाने, क्लब आणि बंद संकुलांतल्या हिरवळी त्या वादात येत नाहीत.

किल्ली कुणाकडे

जागा सार्वजनिक असली तरी तिची किल्ली कुणाकडे, हा पुढचा प्रश्न. महापालिकेच्या बागा आणि मैदानं खासगी संस्थांना देखभालीसाठी दत्तक देण्याची पद्धत मुंबईत जुनी आहे. पालिकेकडे पैसे आणि माणसं अपुरी, म्हणून शेजारच्या नागरिकांनी जबाबदारी घ्यावी, हा हेतू चांगला होता. काही रहिवासी संघांनी बागा खरोखर उत्तम राखल्या. पण काही मैदानांवर क्लब उभे राहिले, सभासद-शुल्क आलं, आणि सार्वजनिक भाग पाठीमागे ढकलला गेला. जानेवारी २०१६ मध्ये पालिकेने नवं दत्तक धोरण मंजूर केलं तेव्हा इतका विरोध झाला की तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस ह्यांनी त्याला स्थगिती दिली आणि दिलेले भूखंड परत घ्यायला सांगितलं.

क्लब दूरची गोष्ट. साध्या बागेचंही वेळापत्रक पाहा. सकाळी चालायला येणाऱ्यांसाठी दार उघडतं, दुपारी बंद होतं, संध्याकाळी पुन्हा उघडतं, ही मुंबईतल्या कित्येक बागांची जुनी रीत आहे. सावलीची गरज सर्वांत जास्त दुपारी असते, आणि ती गरज असते ज्यांना दुपारी घरी जाता येत नाही त्यांना. सामान पोचवणारी मुलं, दोन घरांच्या कामांमध्ये तासभर मोकळ्या असलेल्या बायका, सुरक्षारक्षक. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी डबा जिन्यात बसून खातात. बाग पाच मिनिटांवर आहे.

वेगळी वाट शक्य आहे, ह्याचं उदाहरणही जवळच सापडतं. पार्ले पश्चिमेकडून जुहूकडे गेलं की इर्ला नाला लागतो. वास्तुविशारद पी. के. दास आणि तिथल्या नागरिकांनी ह्या नाल्याचा काठ चालण्यासाठी, सायकलसाठी आणि झाडांसाठी खुला करण्याची योजना मांडली, आणि कैफी आझमी उद्यानाच्या बाजूने तिचा काही भाग प्रत्यक्षात आला. दास ह्यांनी २०१२ साली ‘ओपन मुंबई’ ह्या प्रदर्शनात नाले, खाड्या, किनारे आणि टेकड्या जोडून शहरभर सलग मोकळी जागा करता येईल, अशी मांडणी केली होती. चौकोनी बागेला एक फाटक पुरतं, लांबलचक काठाला कुलूप लावणं कठीण, हा त्यातला मला पटलेला साधा मुद्दा. ह्या नाल्याच्या परिसरात उंच सोसायट्या आहेत तशी नेहरू नगरची दाट वस्तीही आहे. ह्या काठावर दोन्हीकडची माणसं सारखीच वावरतील का, ह्यावर त्या योजनेचं यश मोजायला हवं.

असा प्रश्न जगभर विचारला जातो. न्यूयॉर्कमध्ये बंद पडलेल्या उन्नत रेल्वेमार्गावर २००९ साली ‘हाय लाइन’ नावाची बाग झाली. बाग सुंदर आहे, पण भोवतालच्या जागांचे भाव आणि भाडी इतकी चढली की आधीच्या रहिवाशांना तिथे राहणं अवघड झालं. केनेथ गूल्ड आणि टॅमी लुइस ह्या समाजशास्त्रज्ञांनी २०१६ सालच्या आपल्या पुस्तकात ह्याला ‘ग्रीन जेंट्रिफिकेशन’ म्हटलं. हिरवाई आली की श्रीमंती येते आणि गरीब हलतो, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे अमिता बाविस्कर ह्यांनी दिल्लीच्या संदर्भात ‘बूर्झ्वा पर्यावरणवाद’ हा शब्द वापरला. शहर स्वच्छ आणि हिरवं व्हावं ही मध्यमवर्गाची मागणी शेवटी वस्त्या हटवण्यापर्यंत कशी पोचते, ते त्यांनी दाखवलं.

डोंगराकडे पाहताना

मुंबईत हे सर्वांत ठळकपणे घडलं ते बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात. शंभरहून अधिक चौरस किलोमीटरचं हे जंगल शहराला पाणी आणि हवा देतं. ‘बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप’ने १९९५ साली केलेल्या याचिकेवर मे १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने उद्यानातल्या वस्त्या हटवण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९५ पूर्वीचा पुरावा असलेल्यांनी सात हजार रुपये भरले तर पुनर्वसन, बाकीच्यांना काहीच नाही. पर्यायी जागा आधी कल्याणकडे सुचवली गेली, नंतर चांदिवलीला इमारती झाल्या. जंगल वाचलं हे खरं, आणि त्याची किंमत हजारो कुटुंबांनी घरं देऊन चुकवली हेही खरं. त्या काळात मी वर्तमानपत्रातली बातमी वाचून ‘बरं झालं’ म्हटल्याचं मला आठवतं. त्या घरांतल्या बायका आमच्यासारख्यांच्याच घरी कामाला येतात, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

आरेची लढाई वेगळी होती. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो-३च्या कारशेडसाठी झाडं पडू लागली. सोमवारी, ७ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने पुढची तोड थांबवली तोवर परवानगीच्या २,१८५ झाडांपैकी २,१४१ तोडून झाली होती. त्या रात्री तिथे शहरातले तरुण होते, तसे आरेच्या पाड्यांवरचे वारलीही होते. कारशेडच्या जागेवरच्या प्रजापूर पाड्यातल्या कुटुंबांना त्याआधीच अंधेरी पूर्वेच्या झोपु इमारतीत हलवलं होतं. इथे झाड वाचवणं आणि माणूस वाचवणं एकाच बाजूला होतं. हिरवाईचं राजकारण नेहमी गरिबाच्या विरोधात जातं असं नाही. प्रश्न मांडताना कोण हजर होतं, ह्यावर ते ठरतं.

मेट्रो-३ आता धावते आहे आणि मीही तिने जाते. सार्वजनिक वाहतूक हाही पर्यावरणाचाच भाग आहे. पण किंमत कुणी मोजली हे विसरून तिकीट काढू नये, एवढं मला वाटतं.

हरकत

आमच्या झाडाकडे परत येते. नोटिशीवर हरकत कुणालाही घेता येते, त्यासाठी सभासद किंवा मतदार असावं लागत नाही. हे मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, “ताई, सोसायटीच्या विरोधात लिहिलं तर कपडे कोण देईल?” ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. हरकत मी घेतली. संमती देणारीनेच हरकत घ्यावी, ह्यावर सभेत हसं झालं. झाड वाचलं नाही. प्रवेशाचा रस्ता तिथूनच जाणार होता.

पण त्याच सभेत मी दोन मागण्या टाकल्या. बदल्यातल्या रोपांपैकी शक्य तेवढी रस्त्याकडच्या कुंपणाला, जमिनीच्या मातीत लावावीत, म्हणजे पसारा बाहेर पडेल. आणि कुंपण दोन ठिकाणी आत घेऊन बाहेरच्या बाजूला दगडी ओटा करावा. ओट्याला नकार मिळाला, बाहेरची माणसं बसतील म्हणून. झाडांची मागणी मान्य झाली, तिघांच्या विरोधासह. इतिवृत्तात ती नोंदवली आहे. नकाशात कुंपणालगत पाच गोल दिसतात. मी ते मोजले आहेत, आणि माती किती खोल सोडली आहे तेही विचारून घेतलं आहे.

वाचकांपैकी अनेकांच्या इमारतीचा पुनर्विकास चालू असेल किंवा दाराशी आला असेल. अशा सभेत चटई क्षेत्र, भाडं आणि कॉर्पस ह्यांवर तासन्‌तास चर्चा होते. त्यातली दहा मिनिटं तीन प्रश्नांना द्यावीत. झाडं कुठे जाणार? जमिनीवर माती किती उरणार? ह्या झाडांखाली आज कोण बसतं?

मामांचं टेबल आता गल्लीच्या समोरच्या बाजूला आहे. वर निळी ताडपत्री बांधली आहे. दुपारी बारा ते चार ते काम बंद ठेवतात, खाली उभं राहवत नाही म्हणून. पूर्वी ते ह्याच वेळात सर्वांत जास्त कपडे काढत असत.